वाइन सेलरच्या जागी असुंता

तुम्ही कधी एखादं जिवंत माणूस रबरानं खोडलं आहे का? घाईनं 'नाही' म्हणू नका. आमच्या घरांचे नकाशे काढायच्या धंद्यात हे काम विजेवर चालतं. मुठीत मावेल असं एक यंत्र असतं, त्याच्या टोकाला रबराची कांडी गरगर फिरते आणि ट्रेसिंगच्या कागदावरची चूल, दार, खिडकी बघता बघता नाहीशी होते. मागे थोडा भुगा राहतो. तो ब्रशनं झटकला की खोली रिकामी. कुणी ओरडत नाही, सामान रस्त्यावर येत नाही, पोलीस बोलवावे लागत नाहीत.

इथे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कॅरीला पानगळ शोधावी लागते. पाइनची झाडं हिरवीच राहतात. मधूनच एखादा मेपल लाल होतो आणि चार दिवसांत उघडा पडतो. माझी पानगळ झाडांवरून येत नाही, ती ऑफिसच्या प्रिंटरूममधून येते. नकाशांच्या प्रती काढणाऱ्या मशीनला अमोनियाचा उग्र वास असतो, म्हणून हवा गार झाली की कुणीतरी मागचं दार उघडं टाकतं. बाहेरची ओल्या पानांची हवा आणि आतला अमोनिया एकत्र नाकात शिरतात आणि मी पुन्हा मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, माझ्या विद्यार्थिदशेत, जाऊन उभी राहते. हातात ओलसर, निळसर प्रत. तिच्यावर उतरत्या कौलांचं, तडकलेल्या कमानींचं एक घर. त्या घरात मी आजपर्यंत पाऊल टाकलेलं नाही.

इटलीत उंब्रियाच्या टेकड्यांवर एक जुनं गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. गावाला मध्ययुगातली तटबंदी आहे, एक वेस आहे आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागेल अशा गल्ल्या आहेत. वेशीला लागूनच हा व्हिला. वरच्या मजल्यावर कमानींचा सज्जा, दिवाणखान्यात चुन्याच्या थराखाली झाकलेली भित्तिचित्रं, आणि छत असं खचलेलं की जणू कुणी त्यावर बसून उठलं आहे. मला त्यातल्या प्रत्येक भिंतीची जाडी पाठ होती. कोणत्या पायरीचा दगड मधोमध झिजलाय तेही ठाऊक होतं. हे सगळं मला मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरातल्या बेसमेंटमध्ये, वसंतकाकांच्या स्लाइड प्रोजेक्टरनं दाखवलं.

वसंतकाका हृदयाचे डॉक्टर. मूळचे नागपूरचे, मोठ्यानं हसणारे, त्याहून मोठ्यानं आग्रह करणारे. माझ्यासारख्या विद्यार्थ्यांना ते शनिवारी होस्टेलवरून गाडीत घालून घरी नेत. निर्मलाकाकू वरण-भात, मेथीची भाजी, गरम पोळ्या वाढत, आणि रविवारी परत जाताना हातात डबा देत. त्या घरचं मीठ मी मनापासून खाल्लं आहे. पुढचं सगळं वाचताना हे विसरू नका, मीही विसरले नव्हते.

त्या वर्षी काकांनी आणि त्यांच्या दोन डॉक्टर मित्रांनी मिळून हा व्हिला घेतला होता. टॅक्सच्या सोयीसाठी तिन्ही बायकांची नावंही कागदावर घातली होती. उन्हाळ्यात काका एकटे जाऊन बघून आले, आणि सप्टेंबरात, मेपलची पहिली पानं ड्राइव्हवेवर पडली त्या आठवड्यात, त्यांनी मला बेसमेंटमध्ये बसवलं.

"बघ मंगल, तू आर्किटेक्ट होणार. बाहेरच्याला कशाला द्यायचं? तूच प्लॅन काढ. प्रॅक्टिस होईल."

आपल्याकडची ही पद्धत तुम्हाला माहीत आहे. जेवू घातलेल्या मुलीकडून काम करून घ्यायला कुणाला संकोच वाटत नाही, आणि मुलीलाही नाही म्हणवत नाही. मला तर नाही म्हणायचंच नव्हतं. चारशे वर्षांचं घर! माझी बोटं शिवशिवत होती.

प्रोजेक्टर खटक-खटक करत होता. कमान. सज्जा. जिना. मग एक बाई. काळा झगा, पिठानं भरलेला ॲप्रन, दारात उभी. तिच्यामागे अंधारात भट्टीचं अर्धगोल तोंड. हसत नव्हती. कॅमेऱ्याकडे बघत होती, आपल्या दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"ही कोण?"

"असुंता. आमची टेनन्ट. खालच्या मजल्यावर राहते. पूर्वी आख्ख्या गावाचा ब्रेड या भट्टीत भाजायची, अजूनही थोडाफार भाजते. ती जाईल आता. मुलगा असतो ना तिकडे शहरात."

"जाते म्हणाली?"

"लॉयर म्हणाला."

पुढची स्लाइड आली, पण मी अजून मागच्याच स्लाइडमध्ये होते.

"तिथे आपण वाइन सेलर करू," काका म्हणाले.

"काका, तुम्ही तर पीत नाही."

"मी नाही पीत गं. पण व्हिला म्हटला की असायला पाहिजे!" आणि ते मोठ्यानं हसले.

मी सोलापूरची. आमच्या घरी पुढच्या खोलीत पायानं चालवायचं छपाईचं मशीन होतं. वडील लग्नपत्रिका छापून पोट भरत आणि उरलेल्या वेळात पत्रकं छापत. गिरणीतल्या बदली कामगारांची, नळाला पाणी नाही म्हणून निघणाऱ्या मोर्च्यांची, आणि भाडेकरू समितीची, कारण समितीचं काम आई बघायची. शाई सांडलेली पत्रकं आमच्या वह्यांची कव्हरं व्हायची. कोऱ्या पाठीवर आम्ही गणितं सोडवायचो. मी अक्षरं जुळवत वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' होता. समितीची तरुण पोरं पत्रकाचा मजकूर घेऊन आली की आई आधी कागद उलटा करून शेवटची ओळ बघायची. "मागणी कुठाय? वाचणाऱ्यानं घरी जाता जाता काय करायचं? ते सांगा, नाहीतर नुसता आरडाओरडा आहे हा."

अशा घरातल्या मुलीला काका म्हणत होते, खालची खोली रिकामी दाखव.

तो सगळा ऑक्टोबर मी ड्रॉइंग बोर्डवर वाकलेली होते. खिडकीबाहेर सायकली ओल्या पानांवरून घसरत होत्या. शनिवारी फुटबॉलच्या मॅचला लोकांचे लोंढे निघत आणि स्टेडियमची गर्जना थेट माझ्या टेबलापर्यंत येई. दालचिनी लावलेल्या डोनटचा आणि सफरचंदाच्या गरम सायडरचा वास जिन्यात रेंगाळे. मी सज्ज्याच्या कमानी काढल्या, एकेक दगड मापात. छताच्या खचलेल्या तुळया काढल्या. भित्तिचित्रांवरचा चुना कसा अलगद उतरवायचा याच्या सूचना लिहिल्या. खूप सुख होतं त्या कामात, खोटं कशाला बोलू. जुन्या घराची दुरुस्ती हे जगातल्या सभ्य कामांपैकी एक आहे. कुणीतरी आपल्या आधी नीट बांधलं होतं, ते आपण पडू देत नाही.

पण खालच्या मजल्यावर आले की पेन्सिल थांबायची. वकिलानं पाठवलेल्या जुन्या मोजणीत त्या खोलीवर 'गोदाम' लिहिलं होतं. तिथे भट्टी होती. भट्टीशेजारी, त्या स्लाइडमध्ये नीट पाहिलं तर, लोखंडी पलंगाचा पाय दिसत होता. गोदामात पलंग कशाला असतो?

आमचे प्राध्यापक वर्गात 'इतिहासाचं जतन' या विषयावर फार सुंदर बोलत. मी ऐकत होते आणि आतून जळत होते. भिंत चारशे वर्षं उभी आहे म्हणून ती ऐतिहासिक, तिच्या एका पोपड्यासाठी रोमहून तज्ज्ञ बोलवायचा. आणि त्याच भिंतीला पाठ टेकून जिनं जन्म काढला ती अडचण? चित्रातल्या संताचा पाय वाचवायचा आणि खाली पाय पसरून बसलेल्या बाईला उठवायचं, याला जतन म्हणत असतील तर तो शब्द मला नको.

म्हणून मी मला येत होतं ते केलं. पत्रक काढलं.

मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. आत लांब टेबलांवर चिवडा, चकल्या, आणि ज्यांना करंजी जमत नाही त्यांनी आणलेले समोसे. कोटांचा डोंगर एका कोपऱ्यात, मुलं त्यावर उड्या मारत होती. मी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात कागद दिला. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, झेरॉक्स केलेला. वर ठळक: 'जाहीर सवाल: असुंताबाईंनी कुठे जायचं?' खाली दोन रकाने निखारे. मालकशाही, बेघर, पिढ्यान्‌पिढ्या, धनदांडगे, सगळे शब्द होते.

मला वाटलं होतं भांडण होईल. मी तयार होते. झालं काय, ते ऐका.

"अरे वा!" चष्मा कपाळावर सरकवत एक काका म्हणाले. "'धनदांडगे'! किती वर्षांनी वाचला यार हा शब्द!"

"दाखव, दाखव. अहाहा, एकदम आमच्या कॉलेजच्या गेटवरचं पत्रक! अक्षर पण तसंच."

"मंडळाच्या पुढच्या दिवाळी अंकात छापू या ना हे. मंगल, टायटल थोडं सॉफ्ट कर फक्त."

एका मावशींनी डोळे पुसले. कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, पल्लेदार आवाजात, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या! सगळ्यात जोरात वसंतकाकांनी वाजवल्या. माझ्या खांद्याभोवती हात टाकून ते सगळ्यांना सांगत होते, "आमच्याकडे जेवायला असते ही! माझ्यावरच लिहिलंय, बघा! काय भाषा आहे!"

देश सोडून आलेल्या माणसांना शिवीसुद्धा मायबोलीत दिली की गहिवरून येतं, हे मला सोलापुरात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना माझ्या कागदावर असुंता दिसलीच नाही. त्यांना त्यांची विशी दिसली.

मी तरातरा कॅफेटेरियाच्या स्वयंपाकघरात गेले. निर्मलाकाकू एकट्याच मोठ्या पातेल्यात मसालेभात हलवत होत्या. पत्रक त्यांनी काउंटरवर ठेवलं होतं, त्यावर तेलाचं एक बोट उमटलं होतं.

"वाचलंत?"

"दोनदा वाचलं. पण मंगल, यात मी काय करायचं ते कुठे लिहिलंयस?"

आई तिथे असती तर तिनंही हेच विचारलं असतं. काकूंनी गॅस बारीक केला.

"मी एक विचारते," त्या म्हणाल्या. "तिला घर सोडायला सांगायचा जो कागद आहे, त्याच्यावर सही माझीपण लागते ना?"

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तिन्ही कुटुंबं काकांच्या बेसमेंटमध्ये जमली. झाडं उघडी झाली होती. काकांनी वाळकी पानं खोऱ्यानं ओढून कडेला ढीग केला होता आणि पावसानं तो काळा पडला होता. वर काकूंच्या ओव्हनमध्ये टर्कीऐवजी भरली वांगी होती. मी टेबलावर नकाशा उलगडला. डॉक्टर मंडळी वाकून बघू लागली. सज्ज्याचं कौतुक झालं, छताचं झालं. मग काकांचं बोट खाली गेलं आणि थांबलं.

"हे काय? वाइन सेलर कुठाय?"

त्या खोलीत मी भट्टी काढली होती, मापात. पलंग काढला होता. जिन्याखाली तिच्यासाठी न्हाणीघर काढलं होतं, कारण तिला ते अंगणापलीकडे होतं. आणि मधोमध, बाकी खोल्यांवर 'दिवाणखाना', 'ग्रंथालय' लिहिलं होतं तशाच अक्षरात लिहिलं होतं: 'असुंता'.

"प्लॅनवर माणसांची नावं लिहितात का गं?" काका हसत म्हणाले, पण हसू पुरतं आलं नाही.

"राहणारं माणूस असेल तर लिहावं."

"हे बघ, ते कॅन्सल कर आणि सेलर दाखव. लॉयरला पाठवायचंय. नोव्हेंबर संपत आला, तिकडचे भाड्याचे करार याच सीझनला संपतात. जुना रिवाज आहे त्यांचा."

"मग दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या काका. मी हे खोडणार नाही."

त्यांच्या मित्रांपैकी एकजण म्हणाला, "अगं, इमोशनल नको होऊस. वी आर नॉट व्हिलन्स. तिला तिच्या मुलाकडे पाठवतोय, रस्त्यावर नाही."

"तिला विचारलंत?"

तेव्हा काका नेहमी करायचे तेच त्यांनी केलं, वातावरण हलकं करायला त्यांचा ठरलेला किस्सा काढला. नव्यानं अमेरिकेत आले तेव्हा ते आणि काकू एका बाईच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत, बाईनं घर विकलं, आणि ऐन हिवाळ्यात यांना बाहेर पडावं लागलं. "काय सीन होता! ट्रंक बर्फात, प्रेशर कुकर बर्फात, आणि निर्मला कुकरचं झाकण शोधतेय!" हा किस्सा प्रत्येक पार्टीत व्हायचा. प्रत्येक वेळी सगळे हसायचे. त्या दिवशीही दोघं-तिघं हसले.

"तो विनोद नव्हता," काकू म्हणाल्या.

त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या, हातात ओव्हनचा हातमोजा तसाच.

"मीनल कडेवर होती माझ्या. तिला ताप होता. त्या बाईनंही हेच सांगितलं होतं, की यांची इथे ओळखीची माणसं आहेत, जातील कुठेतरी. तुम्ही इतकी वर्षं सांगता आणि लोक हसतात, म्हणून मीपण हसते. त्या कागदावर मी सही करणार नाही."

त्यांची ती मीनल आता हायस्कूलला होती. सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. तिनं नकाशाकडे मान लांब करून विचारलं, "डॅड, इज दॅट द ब्रेड लेडी? व्हाय डझन्ट शी जस्ट स्टे?"

काका नकाशाची गुंडाळी करू लागले. वरून वांग्यांचा करपल्याचा वास आला. सगळे एकदम "अगं गॅस, गॅस" करत उठले.

मला परत सोडायला काकाच आले. हायवेवर दोन्ही बाजूंना करडी, उघडी झाडं. वायपर पानं चिरडत होते. मला वाटलं, आता डबा आणि शनिवार दोन्ही संपलं. मग रस्त्यावरून नजर न काढता ते म्हणाले, "पाळणा राहिला होता तिथेच."

"कुठे?"

"त्या बेसमेंटमध्ये. गाडीत मावला नाही. परत आणायला गेलो तर दार बंद." आणि थोड्या वेळानं, "हे मी सांगत नाही कधी. फनी नाहीये ना."

होस्टेलसमोर उतरताना त्यांनी डबा दिला. आश्वासन काही दिलं नाही. मी मागितलंही नाही. मला दया नको होती, न झालेली सही हवी होती, आणि ती मला मिळाली होती.

पुढच्या उन्हाळ्यात काकू स्वतः त्या गावाला गेल्या. परत आल्यावर फोनवर म्हणाल्या, "भाषा येत नव्हती गं एकमेकींची. तिनं मला भट्टीजवळच्या कट्ट्यावर बसवलं, ब्रेड दिला, आणि मग छताकडे बोट केलं. पाणी गळतंय सगळं तिच्या पलंगावर." काकूंनी घरी येऊन एकच वाक्य सांगितलं: छप्पर आधी. आधी छप्परच झालं. माझ्याच नकाशाप्रमाणे. नवीन तुळया, जुनीच कौलं. भित्तिचित्रं अजून चुन्याखाली वाट बघताहेत, बघू देत. वाइन सेलर झालेलं नाही. भट्टी आठवड्यातून दोनदा पेटते.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलं नसतं. पण परवा प्रिंटरूमच्या त्या गार अमोनियाच्या वासातून मी घरी आले आणि काकूंचा फोन आला. असुंताचा भाडेकरार पुन्हा या पानगळीत संपतोय. एक हॉटेलवाला चांगल्या भावानं घर मागतोय, अट एकच, घर रिकामं हवं. सह्यांचे कागद पुन्हा तिन्ही घरांत गेले आहेत. काकू सही करणार नाहीत. वसंतकाका "बघू" म्हणतात, आणि पूर्वी ते "करू" म्हणायचे, म्हणून मी त्या "बघू"वर आशा धरून आहे. पण वकिलानं नवी वाट काढली आहे, काकूंचा हिस्सा वेगळा करून उरलेल्यांच्या सह्यांवर पुढे जायची. म्हणजे आता सगळं उरलेल्या दोन घरांवर आहे. त्या दोन्ही घरांत हा दिवाळी अंक जातो.

त्या दोन घरांतल्या काकू, मावशी, तुम्ही दोघी हे वाचत असाल. मागच्या वेळी मी रकानेच्या रकाने आग ओकले आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. या वेळी टाळ्या नकोत. त्या वेळी राहून गेलेली शेवटची ओळ या वेळी लिहिते आहे.

आणि बाकीच्यांनी पान उलटू नका. तुमच्याही टेबलावर असला कागद येतो. पुण्याच्या, नागपूरच्या, साताऱ्याच्या घराचा. भाऊ पाठवतो, बिल्डर पाठवतो, सोबत चिकटवलेली खूण असते, 'इथे सही करा'. नकाशाही असतो, त्यातली एखादी खोली रिकामी दाखवलेली असते, आणि तिथे कुणाचा तरी पलंग असतो.

माझी मागणी एवढीच आहे. आज, फराळाचं ताट बाजूला ठेवून, तो नकाशा काढा. त्या खोलीत कोण राहतं ते फोन करून विचारा. मग पेन घ्या, शाईचं घ्या, आणि ते नाव स्वतःच्या हातानं त्या खोलीत लिहा. जोवर ते लिहिलेलं नाही, तोवर सही करू नका.

उंब्रियातल्या त्या खोलीपुरतं तर फोनही करायला नको. नाव तुम्हाला आता माहीत आहे. लिहा: असुंता.